रंग गेला, पुढे काय? : रंगयुक्त सांडपाण्याचे ऑक्सिडीकरण आणि तेलबियांच्या रोपांची साक्ष

सारांश

कापडरंगाईच्या सांडपाण्यातील रंग ऑक्सिडीकरणाने काढता येतो, हे आता प्रयोगशाळांत वारंवार सिद्ध झाले आहे. तथापि पाणी रंगहीन होणे आणि निरुपद्रवी होणे या दोन भिन्न अवस्था आहेत. मुंबईच्या गिरणगावातील रंगाईचा व्यवसाय देशावरील नदीकाठच्या गावांकडे सरकल्यानंतर हा भेद अधिक महत्त्वाचा ठरला. कारण समुद्राला न जाचणारे मीठ शेताला जाचते. प्रक्रिया केलेल्या पाण्याची अंतिम परीक्षा बियांच्या उगवणीवर घ्यावी, आणि शेतातील रोपांच्या नुकसानीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी किडींचा वाटा वेगळा करावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : अॅझो रंग, हायड्रॉक्सिल मूलक, फेंटन प्रक्रिया, क्षारता, उगवण निर्देशांक, तेलबिया, तुडतुडे, खोडमाशी.

१. प्रस्तावना

भायखळा स्थानकाच्या पूर्वेस, माझगाव आणि कॉटन ग्रीन यांच्या मधोमध घोडपदेव वसले आहे. येथील न्यू हिंद मिलच्या जागेवर आज म्हाडाने गिरणी कामगारांसाठी उभारलेल्या इमारती आहेत. परिसराच्या एका बाजूस कापसाच्या व्यापाराची गोदामे आणि दुसऱ्या बाजूस काळाचौकी, लालबाग, परळ येथील गिरण्या, अशी या वस्तीची जुनी चौकट होती. गिरणगावाच्या इतिहासात साचेखाता, कामगार चळवळ, चाळीतील जीवन आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप यांविषयी विपुल लेखन झाले. रंगखात्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. ते गटारांतून अखेरीस समुद्राला मिळत असे आणि दृष्टिआड होत असे.

कापडधंद्याचे विकेंद्रीकरण संपापूर्वीच सुरू झाले होते. संपानंतर त्याला वेग आला. भिवंडी, इचलकरंजी आणि सोलापूर येथील यंत्रमागांबरोबर सूत व कापड रंगविण्याचे कामही पसरले. इचलकरंजीचे पाणी पंचगंगेच्या खोऱ्यात जाते, सोलापूरचे भीमेच्या. अशा रीतीने समुद्राकडे जाणारे रंगीत पाणी नद्यांकडे, आणि नद्यांतून शेतीकडे वळले. या स्थलांतरामुळे सांडपाण्याच्या शुद्धतेची कसोटीच बदलावी लागते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा होय.

२. कापडावर टिकणारा रंग पाण्यातही टिकतो

कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन यांनी अॅनिलिनपासून जांभळा कृत्रिम रंग तयार केला. म्हणजे मुंबईची गिरणी आणि कृत्रिम रंग यांचे जन्मवर्ष एकच. १८५८ मध्ये पीटर ग्रीस यांनी शोधलेल्या डायअॅझो-अभिक्रियेतून पुढे अॅझो रंगांचे विस्तीर्ण कुटुंब उदयास आले. नीळ आणि मंजिष्ठ यांची सद्दी हळूहळू संपली. या रसायनशास्त्राचा एक अधिकृत ग्रंथ मुंबईतच आकाराला आला, हेही येथे नमूद करावयास हवे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये स्थापन झाला आणि वस्त्ररसायन हा त्याच्या आरंभीच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक होता. या विभागाचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन यांच्या कृत्रिम रंगांवरील ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

अॅझो रंगात दोन नायट्रोजन अणूंमधील दुहेरी बंध दोन्ही बाजूंच्या सुगंधी वलयांना जोडतो. या सलग जोडणीमुळे रेणू दृश्य प्रकाश शोषतो आणि आपल्याला रंग दिसतो. रंग उन्हात विटू नये, साबणाने जाऊ नये, घामाने उतरू नये अशी अपेक्षा ठेवूनच त्याची रचना केलेली असते. म्हणून तो पाण्यातील जिवाणूंनाही सहजासहजी दाद देत नाही. कारखान्यात जो गुण, तोच नदीत दोष ठरतो.

१९५६ मध्ये बाजारात आलेल्या रिअॅक्टिव्ह रंगांनी सुती कापडाच्या रंगाईत क्रांती केली. हे रंग धाग्यातील सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात. परंतु रंगकुंडातील काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतात आणि निकामी होतात. रंगाच्या प्रकारानुसार साधारणतः १० ते ४० टक्के रंग अशा प्रकारे धुण्याच्या पाण्यात निघून जातो. रंग धाग्याकडे ओढला जावा म्हणून रंगकुंडात दर लिटरला सुमारे ४० ते ८० ग्रॅम मीठ अथवा सोडियम सल्फेट घालतात, आणि बंध पक्का व्हावा म्हणून धुण्याचा सोडा घालतात. यांपैकी मीठ कापडावर राहत नाही. ते जवळजवळ सर्वच्या सर्व पाण्याबरोबर बाहेर पडते. हा तपशील पुढील विवेचनात निर्णायक ठरणार आहे.

३. ऑक्सिडीकरणाची तत्त्वे व पद्धती

जिवाणूंना न जुमानणारा रेणू फोडण्यासाठी प्रबळ ऑक्सिडीकारक लागतो. हायड्रॉक्सिल मूलक हा त्यांतील अग्रगण्य होय. त्याचे ऑक्सिडीकरण विभव सुमारे २.८ व्होल्ट आहे, ओझोनचे २.०७, हायड्रोजन पेरॉक्साइडचे १.७८ आणि क्लोरीनचे १.३६. हा मूलक क्षणभरच टिकतो, परंतु समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. तो पाण्यातच निर्माण करण्याच्या अनेक रीती आहेत.

फेंटन प्रक्रिया ही त्यांतील सर्वांत सोपी. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये फेरस लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते असे दाखविले. त्यामागील मूलकांची कल्पना हाबर व वाइस यांनी १९३४ मध्ये मांडली. हिराकस, पेरॉक्साइड आणि सामू ३ च्या आसपास आणण्यापुरते आम्ल, एवढी सामग्री यासाठी पुरते. प्रकाश-उत्प्रेरणात टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर अतिनील प्रकाश पडला की मूलक निर्माण होतात. या पदार्थाच्या अॅनाटेज रूपाला ३८८ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि सूर्यप्रकाशात असा प्रकाश अल्पच असतो. ओझोनीकरण हा आणखी एक मार्ग.

कॅव्हिटेशनच्या पद्धतीत ध्वनिलहरींनी किंवा अरुंद छिद्रातून पाणी वेगाने ढकलून सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतात. ते फुटताना अतिसूक्ष्म जागेत क्षणभर हजारो अंशांचे तापमान निर्माण होते आणि पाण्याचाच रेणू फुटून मूलक तयार होतात. माटुंग्याच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, प्रा. अनिरुद्ध पंडित व प्रा. पराग गोगटे यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. सांडपाण्यावरील ऑक्सिडीकरण-तंत्रांचा त्यांनी २००४ मध्ये घेतलेला दोन भागांतील आढावा जगभर संदर्भासाठी वापरला जातो. रंगांचे रसायन जेथे शिकविले गेले, तेथेच त्यांच्या विघटनाचेही शास्त्र घडावे, ही उचितच गोष्ट म्हणावी लागेल.

४. रंगहीन म्हणजे निर्विष नव्हे

मूलकाचा पहिला घाव बहुधा रंग देणाऱ्या जोडणीवरच बसतो. ती तुटली की पाणी स्वच्छ दिसू लागते. परंतु सुगंधी वलये तेव्हा शाबूत असू शकतात. त्यांपासून फिनॉल व क्विनोन वर्गातील मध्यस्थ पदार्थ तयार होतात. पुढे वलये फुटून ऑक्झॅलिक, अॅसिटिक यांसारखी लहान आम्ले उरतात आणि ती मूलकांनाही बराच काळ तोंड देतात. कार्बन डायऑक्साइड व पाणी हा शेवटचा टप्पा होय. तेथपर्यंत जाणे हे खरे खनिजीकरण.

प्राणवायूविरहित अवस्थेत जिवाणूंनी अॅझो बंध तोडल्यास सुगंधी अमाइने निर्माण होतात आणि त्यांपैकी काही कर्ककारक आहेत. अशी अमाइने देऊ शकणाऱ्या ११२ रंगांवर भारत सरकारने १९९० च्या दशकात बंदी घातली, ती याच कारणास्तव. रंग दिसेनासा होणे ही धोक्याची समाप्ती नसून कधीकधी त्याचे रूपांतर असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

उद्योग रंग जाताच का थांबतो, याचे उत्तर साध्या हिशोबात सापडते. एक ग्रॅम सीओडी, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी, पूर्णतः भागविण्यास सिद्धांततः सुमारे २.१ ग्रॅम शुद्ध हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. सांडपाण्याची सीओडी दर लिटरला १५०० मिलिग्रॅम धरली, तर एक घनमीटर पाण्यास ३.२ किलोग्रॅम शुद्ध, अर्थात ५० टक्के तीव्रतेचे सुमारे ६.४ किलोग्रॅम पेरॉक्साइड हवे. प्रत्यक्षात काही भाग वाया जातो, म्हणून प्रमाण याहून वाढते. जोडणी तोडण्यास मात्र याचा अल्पांश पुरतो. रंग काढणे स्वस्त आणि खनिजीकरण महाग, अशी ही स्थिती आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील एका प्रचलित सवयीचाही येथे विचार करावा लागतो. मिथिलीन ब्ल्यूचे द्रावण घ्यावे, उत्प्रेरक टाकावा, ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजावे आणि ते घटले की 'विघटन' झाले असे लिहावे, असा परिपाठ पडला आहे. परंतु हाच रंग क्षपणाने रंगहीन होतो आणि हवा लागताच पुन्हा निळा होतो, हे निळ्या बाटलीच्या प्रात्यक्षिकातून आपण विद्यार्थ्यांना दाखवीत असतो. शिवाय रंग उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नुसता चिकटूनही बसू शकतो. म्हणून अंधारातील तुलनासंच, २०० ते ३५० नॅनोमीटर या पट्ट्यातील वर्णपट आणि सीओडी अथवा एकूण सेंद्रिय कार्बन यांची मोजणी झाल्याविना विघटनाचा दावा अपुरा ठरतो. सीओडी मोजतानाही शिल्लक पेरॉक्साइड डायक्रोमेटशी अभिक्रिया करते आणि दर मिलिग्रॅममागे ०.४७ मिलिग्रॅमने आकडा फुगविते, याचे भान ठेवावे.

५. किनारा आणि देश : मिठाचा प्रश्न

समजा, पुरेसा खर्च करून सेंद्रिय द्रव्य संपूर्णतः नष्ट केले. मग तरी पाणी शुद्ध झाले काय? मिठाचे ऑक्सिडीकरण होत नाही. उलट प्रक्रियेत त्याची भर पडते. सोड्यामुळे रंगाईच्या पाण्याचा सामू १० च्या वर असतो. फेंटनसाठी तो ३ पर्यंत उतरविण्यास सल्फ्युरिक आम्ल घालावे लागते आणि नंतर पुन्हा वर आणण्यास कॉस्टिक सोडा अथवा चुना. दोन्ही वेळा क्षार वाढतात. याखेरीज कार्बोनेट व क्लोराइड मूलकांना वाटेतच गिळंकृत करतात, आणि क्लोराइडपासून क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ तयार होण्याचाही संभव असतो.

गिरण्या मुंबईत होत्या तेव्हा हा प्रश्न गौण होता. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतातच. वस्त्रोद्योगासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांतही हा भेद दिसतो. रंग १५० एकके, सीओडी २५० मिलिग्रॅम, विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि सोडियम शोषण गुणोत्तर २६ अशा मर्यादा त्यात आहेत. परंतु योग्य सागरी निर्गमाद्वारे समुद्रात सोडलेल्या पाण्यास शेवटच्या दोन लागू नाहीत.

आता २१०० मिलिग्रॅमची मर्यादा शेतकऱ्याच्या दृष्टीने तपासू. ढोबळमानाने ६४० मिलिग्रॅम क्षार म्हणजे एक डेसिसायमन प्रति मीटर विद्युतवाहकता. यानुसार मर्यादेतील पाण्याची वाहकता ३.३ भरते. केवळ याच पाण्यावर ओलीत केले आणि सुमारे १५ ते २० टक्के पाणी मुळांखाली झिरपून गेले, तर मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता पाण्याच्या दीडपट, म्हणजे ५ च्या जवळ जाते. मास व हॉफमन यांच्या १९७७ च्या सारणीनुसार भुईमुगाची सहनमर्यादा ३.२ असून पुढील प्रत्येक एककामागे उत्पादन सुमारे २९ टक्क्यांनी घटते. सोयाबीनची मर्यादा ५ आहे. म्हणजे सोयाबीन काठावर उभे राहील, तर भुईमुगाचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर येईल. नदीत पाणी मिसळून विरळ होते आणि पावसाळ्यात क्षार धुपून जातात, हे खरे. परंतु उन्हाळी भुईमुगाच्या वेळी नदीचा प्रवाह क्षीण असतो आणि पिकाची सारी भिस्त ओलितावर असते. कायद्याच्या चौकटीत बसणारे, रंगहीन, सीओडी कमी असलेले पाणीही तेव्हा पिकाला अपायकारक ठरू शकते.

६. रोपाची साक्ष

रसायनशास्त्रीय मोजमापे एकेका घटकाविषयी बोलतात. सजीव मात्र सर्व घटकांचा एकत्रित परिणाम भोगतो. आपल्या सर्वसाधारण निर्गम-मानकांतही, सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहावेत, अशी जैविक कसोटी आहे. ज्या पाण्याची अखेर शेतात होणार, त्यासाठी बियांची कसोटी अधिक समर्पक होय. तिला महागडे उपकरण लागत नाही. मोहरी लवकर उगवते आणि तिचे मूळ मोजण्यास सोपे असते. स्थानिक पीक म्हणून करडई किंवा सोयाबीन घेता येईल.

पेट्रीबशीत गाळणकागद ठेवून प्रत्येकी २० बिया व समान पाणी घालावे, अंधारात सुमारे २५ अंश तापमानाला ठेवावे आणि मोहरीसाठी तीन ते पाच दिवसांनी उगवण व मुळांची लांबी मोजावी. नमुन्यातील उगवण व सरासरी मूळलांबी यांच्या गुणाकारास शुद्ध पाण्यातील गुणाकाराने भागून १०० ने गुणले की उगवण निर्देशांक मिळतो. ८० च्या वरचा निर्देशांक सामान्यतः समाधानकारक आणि ५० च्या खालचा विषारीपणाचा निदर्शक मानतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शुद्ध पाण्यात १९ बिया उगवल्या व मुळे सरासरी ५ सेंटिमीटर वाढली. नमुन्यात १६ उगवल्या व मुळे ३ सेंटिमीटर वाढली. नुसती उगवण पाहता नमुना ८४ टक्के यशस्वी वाटतो. निर्देशांक मात्र केवळ ५०.५ येतो. बी उगवते, पण मूळ अडखळते. हीच बाब शेतात पुढे महाग पडते.

अर्थ लावण्यासाठी पाच संच आवश्यक आहेत : (१) शुद्ध पाणी, (२) प्रक्रियेपूर्वीचे सांडपाणी, (३) ऑक्सिडीकरण केलेले पाणी, (४) तेच पाणी, परंतु शिल्लक पेरॉक्साइड मँगनीज डायऑक्साइडने नष्ट करून गाळलेले, (५) शुद्ध पाण्यात रंगाईत वापरलेलेच मीठ घालून चौथ्याइतकी विद्युतवाहकता आणलेले द्रावण. दुसरा वगळता सर्वांचा सामू ७ च्या आसपास आणावा. वाहकता त्यानंतर जुळवावी. तिसऱ्या व चौथ्यातील फरक पेरॉक्साइडचा. चौथा व पाचवा समान आले, तर उरलेला अपाय मिठाचा. चौथा पाचव्याहून वाईट आला, तर विषारी मध्यस्थ पदार्थ अद्याप शिल्लक आहेत आणि ऑक्सिडीकरण अपुरे झाले आहे. पाचवा संच नसेल, तर रसायनाचा दोष आणि मिठाचा दोष यांची गल्लत होणे अटळ आहे.

७. साक्षीची उलटतपासणी : पाणी की कीड?

पेट्रीबशीतून शेतात आल्यावर आणखी एक पक्षकार उपस्थित होतो, तो म्हणजे कीड. नदीकाठच्या शेतात रोपे करपली की दोष पाण्याकडे जातो. उलट पाणी खरोखर दोषी असता 'कीड पडली' म्हणून ते सुटू शकते. दोन्ही चुका टाळण्यासाठी कीटकशास्त्राचे साहाय्य घ्यावे लागते.

उन्हाळी भुईमुगात तुडतुडे पानांच्या खालून रस शोषतात आणि पानाचे टोक इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात पिवळे पडते. क्षारांनीही टोके व कडा करपतात, त्यामुळे फसगत संभवते. परंतु क्षारांचा परिणाम बहुधा जुन्या पानांवर आधी दिसतो आणि पाणी साचणाऱ्या सखल पट्ट्यांत एकवटतो. तुडतुडे असतील, तर पान हलविताच ते तिरके उड्या मारताना दिसतात. सोयाबीनच्या कोवळ्या रोपाचा शेंडा मान टाकतो तेव्हा खोडमाशीचा संशय घ्यावा. खोड उभे चिरले असता आत लालसर भुयार आणि फिकट पिवळी अळी आढळते. खारवलेल्या रोपात भुयार नसते. खरिपात हुमणीने मुळे कुरतडलेले रोप सहज उपटून हातात येते. मोहरीच्या रोपांच्या पानांना भोके पाडणारी काळी अळी, अर्थात मोहरीवरील काळी माशी, तर उघड्या डोळ्यांनी ओळखता येते. तात्पर्य, रोप उपटावे, खोड चिरावे, पान उलटावे आणि मगच पाण्याविषयी बोलावे. कुंडीतील प्रयोग बारीक जाळीखाली केल्यास हा गोंधळ आरंभीच टळतो.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. ऑक्सिडीकरण ही प्रभावी प्रक्रिया आहे, परंतु रंगाचा लोप हे तिच्या पूर्णतेचे गमक नाही. दुसरे, समुद्रकाठी पुरेशी असलेली कसोटी नदीकाठी अपुरी पडते. तेथे क्षार वेगळे काढण्याची अथवा मुळात कमी मिठाने रंगाई करण्याची व्यवस्था ऑक्सिडीकरणास जोडावी लागेल. तिसरे, या परीक्षेसाठी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र या तिन्ही विभागांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. वर्णपटमापक एका विभागात, उगवणीचा कक्ष दुसऱ्यात आणि किडींचे संग्रह तिसऱ्यात, अशी आपल्या बहुतेक महाविद्यालयांची मांडणी असते. पाच पेट्रीबश्यांचा प्रयोग या तिघांना एका मेजावर आणू शकतो आणि पदवीच्या विद्यार्थ्यालाही तो झेपतो.

घोडपदेवच्या परिसरातील गिरण्यांचे भोंगे थांबले, त्याला आता बराच काळ लोटला. तेथील रंगाईचे पाणी समुद्राने निमूटपणे पोटात घेतले. शेताची गोष्ट निराळी आहे. ते आलेले पाणी साठवून ठेवते आणि त्याचा जाब रोपाच्या मुळाशी देते. तो वाचावयास आपण शिकले पाहिजे.